पंचाच्या मते

माझा मित्र लेफ्ट आऊट खेळायचा. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ होता आणि त्या संघाची डावी बाजू दहा-बारा वर्षं त्याच्या एकट्याच्या मालकीची होती. मी त्याच गल्लीतला, त्याच्याच वयाचा, पण मला खेळता येत नव्हतं. आवड होती, पाय नव्हते. बॉल माझ्याकडे आला की आपल्या मनानं कुठंतरी निघून जायचा आणि सगळे माझ्यावर ओरडायचे. तो कधी ओरडला नाही. "ऱ्हाऊ दे, मी आणतो," म्हणायचा आणि पळत जाऊन आणायचा.

नववीत असताना त्याचे वडील गेले. त्यानं शाळा सोडली आणि एका फाउंड्रीत साचे भरायच्या कामाला लागला. मी मॅट्रिक झालो, ट्रेनिंग केलं आणि आमच्याच भागातल्या एका शाळेत मास्तर म्हणून चिकटलो. त्याच्या हातांना काळी वाळू आणि माझ्या हातांना खडू. तरी संध्याकाळ झाली की दोघं तालमीच्या कट्ट्यावर. तो सराव करून आलेला असायचा, मी नुसता बघून.

मला पंच व्हायला त्यानंच सांगितलं. एकदा सरावाच्या मॅचमध्ये दोन गटांची हमरीतुमरी झाली, बॉल रेषेबाहेर गेला होता की नव्हता यावरून. मी कट्ट्यावरून बघत होतो. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, आणि ते आमच्याच गटाच्या विरोधात गेलं. घरी परत जाताना तो हसत म्हणाला, "तुला लाथ मारता येत न्हाय, पर खोटं बी बोलता येत न्हाय. शिट्टी घे गळ्यात."

नियमांचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, पातळसं. शाळेतून शब्दकोश आणून मी ते ओळीओळीनं लावलं. बाकीचं सोपं होतं. ऑफसाइडला आठ दिवस लागले. मला समजलंय का हे बघायला मी ते त्याला समजावून सांगितलं. कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा मांडल्या. ही गोलरेषा, हा गोलकीपर, हे त्यांचे बॅक, हा तू.

"तुझा सोबती तुझ्याकडं बॉल मारतो त्या क्षणाला," मी म्हणालो, "तुझ्या आणि गोलरेषेच्या मधे त्यांचे निदान दोन गडी पाहिजेत. एक बहुतेक गोलकीपर असतो. म्हणजे आणखी एक. तो नसला की तू ऑफसाइडला उभा."

"ह्ये मला ठावं हाय की. रोज खेळतोय."

"थांब. ऑफसाइडला उभं राहणं हा गुन्हा नाही. तू तिथं उभा राहून खेळात लुडबूड केलीस, कुणाला अडवलंस, नाहीतर त्या जागेचा फायदा उठवायला बघितलंस, तरच गुन्हा."

हे त्याला नवीन होतं. आमच्याकडं त्या काळात पुढं उभा दिसला की अख्खं मैदान "ऑफसाइड!" म्हणून बोंबलायचं आणि बरेचसे पंच शिट्टी मारून मोकळे व्हायचे. तो शेंगांकडं बघत राहिला.

"म्हंजे नुसता हुभा ऱ्हायलो तर चालतंय?"

"चालतंय."

"आणि लुडबूड केली का न्हाय ते कोण ठरवणार?"

"पंच. पुस्तकात तसंच लिहिलंय. पंचाच्या मते."

"म्हंजे तुझ्या मनावर," तो म्हणाला आणि ऑफसाइडची शेंग फोडून त्यानं खाऊन टाकली.

पुढची काही वर्षं मी बऱ्याच मॅचेसना पंच होतो. आमच्या पेठेच्या मॅचला मात्र मी कधी उभा राहत नसे. तसा रिवाजच होता. ज्या मॅचबद्दल मला सांगायचं आहे तिथं तो रिवाज मोडला. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. फायनल होती, आमची पेठ आणि शेजारची पेठ. नेमलेला पंच बाहेरगावचा होता, त्याला आदल्या दिवशी ताप भरला. सकाळी धावपळ सुरू झाली. तेव्हा शेजारच्या पेठेचा कॅप्टन स्वतः म्हणाला, "मास्तर आसतील तर आमची हरकत न्हाय. मास्तर वाकडं करणार न्हाईत." हे वाक्य मला दोन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. आज तो अभिमान आठवला की अंगावर काटा येतो.

मैदान भरलं होतं. पायऱ्यांवर माणूस ठेवायला जागा नव्हती, भिंतींवरही पोरं बसली होती. माझा मित्र तेव्हा तिशीला टेकला होता. त्या वर्षानंतर खेळणार नव्हता, तसं त्यानं तालमीत सांगूनही ठेवलं होतं. फाउंड्रीत पाळी बदलून आला होता. त्याला दोन मुली, धाकटी तर अजून पाळण्यात. मैदानात उतरताना माझ्याजवळून गेला तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. ओळख दाखवायची नाही असं मी सकाळीच ठरवलं होतं.

एक-एक अशी बरोबरी झाली आणि खेळ संपायला थोडी मिनिटं राहिली. आमच्या पेठेनं चढाई केली. माझा मित्र डावीकडून बॉल घेऊन पार कोपऱ्यापर्यंत गेला, त्यानं आत मारला, आणि मारता मारता तो स्वतः त्यांच्या बॅकवर आदळून गोलरेषेजवळ पडला. त्यांनी बॉल परतवला. त्यांची सगळी बचावफळी बॉलमागं पुढं पळाली. तो गुडघा धरून उठला आणि लंगडत बाजूच्या रेषेकडं, म्हणजे मैदानाबाहेर चालू लागला. त्याची पाठ खेळाकडं होती.

तेवढ्यात परतवलेला बॉल आमच्या सेंटर हाफला सापडला. त्यानं लांबून, उजव्या अंगानं, जीव खाऊन मारला. बॉल उजव्या खांबाला घासून आत गेला. गोलकीपर उडी मारायला उशिरा निघाला होता.

मैदान फुटल्यासारखा आवाज झाला. गोल म्हणून मी मधल्या वर्तुळाकडं हात करणार, एवढ्यात मला झेंडा दिसला. लाईनमन मिरजेहून आलेला एक वयस्क माणूस होता. मी त्याच्याकडं पळत गेलो.

"काय झालं?"

"तुमचा तो डावीकडचा पुढं होता. गोलकीपर सोडला तर मधे कोण नव्हतं."

"मधे आला का तो? गोलकीपरला आड आला?"

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "मी उभा होता एवढंच सांगतो."

त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. बाकीचं माझं होतं. मी वळलो तेव्हा त्यांचे सगळे खेळाडू हात वर करून माझ्याकडं पळत येत होते. गोलकीपरही हात वर करून ओरडत होता. आणि त्यांच्या बाजूच्या पायऱ्यांवरून कुणीतरी, एकच माणूस, खणखणीत आवाजात ओरडला, "देनार की! पेठंचाच हाय न्हवं!"

मी काय बघितलं होतं? खरं सांगायचं तर मी सगळं बघितलं होतं. मी चांगल्या जागी होतो. माझा मित्र डाव्या खांबापासून पंधरा-वीस पावलं लांब, पाठमोरा, लंगडत चालला होता. बॉल उजवीकडून गेला. त्यानं मान वळवूनही बघितलं नव्हतं. पण ते ओरडणं कानात शिरलं आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला, की गोल दिला तर उद्या सगळं कोल्हापूर म्हणेल, मास्तरनं पेठेला कप दिला. नाही दिला तर म्हणतील, मास्तर म्हंजे मास्तर. हे सगळं दोन श्वासांत झालं असेल. मी शिट्टी मारली, हात वर केला आणि फ्री किकची जागा दाखवली. माझा मित्र होता तीच.

तो अजून रेषेपर्यंतही पोचला नव्हता. बोट आपल्याकडं आहे हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तो तसाच लंगडत माझ्याकडं आला. बाकीचे मला ढकलत होते, शिव्या देत होते. त्यानं हातही लावला नाही.

"मास्तर, मी काय केलं?"

"तू गोलकीपरच्या आड होतास."

"मी?" एवढंच म्हणाला.

मी घड्याळाकडं बघितलं. जादा वेळेत त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. मला पोलिसांच्या गाडीतून घरी आणलं, पण मारायला कुणी आलं नाही. त्यांच्या पेठेतली चार मोठी माणसं दुसऱ्या दिवशी घरी येऊन नारळ आणि टॉवेल देऊन गेली. "असा पंच बघितला न्हाय," म्हणाली. आमच्या पेठेतली माणसं महिनाभर माझ्याशी बोलली नाहीत, मग बोलू लागली. मी त्यांच्या पोरांचा मास्तर होतो. शिवाय पंचाला शिव्या घालून घालून किती घालणार? आणि माझा निकाल खरा धरला तर दोष उरत होता तो दुसऱ्याच माणसाचा.

"त्यो कशाला हुभा ऱ्हायला तिथं?" तालमीत हेच सुरू झालं. "पडला हुता तर पडून ऱ्हायचं. बाहेर जायचं. खांबावानी हुभा कशाला ऱ्हायचा?" मग त्याला खांब म्हणू लागले. आधी तोंडामागं, मग तोंडावर. "खांब आला रं," म्हणून पोरं हसायची. आमच्याकडं एखाद्याला नाव पडलं की ते पिढीभर पुसत नाही. तो रागावला असता, दोघाचौघांना बडवलं असतं तर कदाचित ते थांबलं असतं. पण तो काहीच बोलला नाही. तालमीत यायचा बंद झाला. फुटबॉल बघायलाही येईना.

माझी बायको म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन या एकदा."

"जाईन," मी म्हणालो.

मी गेलो नाही. गेलो तर काय बोलणार? निकाल बरोबर होता असं म्हणणार असेन तर जायची गरज नव्हती, आणि चूक होता असं म्हणायची माझी तयारी नव्हती. गल्लीत तो समोरून आला तर मान हलवायचा, मीही हलवायचो. वर्ष-दीड वर्षानं त्याची फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत गेली आणि त्यानं तिकडंच खोली घेतली. जाताना सांगितलं नाही. एक दिवस दाराला कुलूप दिसलं.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. त्याची थोरली मुलगी माझ्या शाळेत होती. एकदा मधल्या सुट्टीनंतर वर्गात शिरलो तर ती बाकावर डोकं ठेवून रडत होती. शेजारच्या मुलीनं सांगितलं, "गुरुजी, तिला खांबाची पोरगी म्हनाले." म्हणणाऱ्या मुलाला मी उभं केलं आणि छड्या मारल्या. चार मारल्या असतील. त्यानं हात मागं घेतला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला, आणि चौथ्या छडीनंतर म्हणाला, "गुरुजी, तुमीच तर दिलतं ऑफसाइड." वर्गात कुणी हसलं नाही. मी छडी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर गणित लिहायला घेतलं.

वर्षं गेली. माझं नाव झालं होतं, त्यामुळं नव्या पंचांच्या वर्गात मला शिकवायला बोलावू लागले. ऑफसाइड शिकवणं माझ्याकडं. मी फळ्यावर मैदान काढायचो आणि नेहमी तीच मॅच घ्यायचो. अर्थात पेठेचं, माणसाचं नाव न घेता. "हा खेळाडू बॉलला शिवला नाही," मी सांगायचो, "पण तो गोलकीपरच्या नजरेच्या आड आला. म्हणून पंचाच्या मते त्यानं अडथळा केला." आणि मी फुलीची खूण गोलकीपरच्या समोर काढायचो. पहिल्या वर्षी ती थोडी डावीकडं होती. पुढच्या पुढच्या वर्षी ती आणखी मधे सरकत गेली. शेवटी शेवटी मलाच ती तिथं दिसायला लागली, मित्र गोलकीपरच्या पुढ्यात उभा आहे, त्याचं तोंड माझ्याकडं आहे. इतकी स्पष्ट, की मला झोप चांगली लागत असे.

चौऱ्याऐंशी सालच्या शेवटी माझी निवडणुकीची ड्यूटी हातकणंगल्याला लागली. स्टेशनपासून जवळ एका शाळेत मतदान केंद्र होतं. आदल्या दिवशी दुपारी पेट्या लावून झाल्यावर शर्टाची बटणं तुटली म्हणून एका शिंप्याच्या दुकानात गेलो. मशीनवरचा माणूस मान वर करून बघतच राहिला.

"मास्तर न्हवं तुमी? फुटबॉलचं?"

तो त्या दिवशीचा गोलकीपर होता. त्याचं सासर इकडचं, पेठेतलं घर सोडून तो इथंच दुकान टाकून बसला होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. भिंतीवर त्या कपाबरोबरचा संघाचा फोटो होता. माझ्या शर्टाला बटणं लावता लावता तो त्या फोटोकडं बघून आपणहून बोलायला लागला.

"मास्तर, आता कशाला लपवायचं, त्यो गोल हुता."

मी फोटोकडं बघितलं.

"मला बॉल पहिल्यापासून दिसत हुता. मारला तवापास्नं. माझाच पाय उशिरा निघाला. तुमचा त्यो गडी पार तिकडं हुता, माझ्या उजव्या अंगाला. चालला हुता बिचारा लंगडत."

"मग तुम्ही हात वर का केला होतात?"

तो हसला. "सगळेच करत्यात की! गोल खाल्ल्यावर गोलकीपर दुसरं काय करणार? हात वर करणं आमचं काम, आणि बघणं पंचाचं."

त्यानं दातानं दोरा तोडला आणि शर्ट माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. "तुमच्यामुळं कप मिळाला," म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

त्या पंचांच्या वर्गात मी परत गेलो नाही. तब्येतीचं कारण कळवलं. पण शिरोलीला जायला मला आणखी दोन महिने लागले.

फाउंड्रीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. दारात त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं, पदर नीट केला आणि आत वळून म्हणाली, "मास्तर आल्यात."

तो भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, त्याचे वडीलच बसलेत. एवढा रोडावला होता. फाउंड्रीची बारीक धूळ छातीत बसली होती. आधी टीबी म्हणून औषधं झाली, मग टीबी नाही म्हणाले. पाच वाक्यं बोलला की खोकला यायचा. मला बघून त्याला राग आला नाही, आनंदही झाला नाही. "बस की," म्हणाला.

चहा झाला. मी त्याला हातकणंगल्याचं सगळं सांगितलं. मग तेही सांगितलं, की शिंप्यानं सांगायच्या आधीपासून मला माहीत होतं. मी बघितलं होतं. घाबरलो होतो.

तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "ह्ये मला कशाला सांगतोस? मी काय केलं न्हाय ते मला ठावं हाय की. मला सोडून सगळ्यांना सांगायला पायजे हुतंस तू."

"हो."

"तवाच आलतास तर मी शिव्या दिल्या असत्या, मारलं बी असतं. मग बसलो असतो दोघं कट्ट्यावर." तो थांबला. "मला खांब म्हणल्याचं काय न्हाय रं. पर पोरींस्नी म्हनत्यात."

मी मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "थोरलीचं जमलंय. पोरगा पेठंतलाच हाय. वैशाखात लगीन. सगळी जुनी माणसं येतील, तालमीतली. तवा सांग. चार वाक्यं सांग. मग झालं."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला अजून वाळूचा खरखरीतपणा होता.

लग्न पेठेतल्याच एका कार्यालयात झालं. सगळे आले होते. तालमीचे जुने खेळाडू, तो सेंटर हाफ, पोट सुटलेले बॅक, कट्ट्यावरचे म्हातारे. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. माझा मित्र नवी टोपी घालून खुर्चीवर बसला होता, त्याला उभं राहवत नव्हतं. लोक येऊन त्याच्या हाताला हात लावून जात होते. मी तालमीच्या माणसांच्या पंगतीत बसलो होतो. आहेर झाल्यावर कुणीतरी मलाच म्हणालं, "गुरुजी, दोन शब्द बोला की. तुमची शाळेतली पोरगी."

मी उठलो. मुलगी हुशार होती, अक्षर सुंदर होतं, सासर-माहेर दोन्ही पेठेतलंच आहे म्हणजे ती लांब चाललीच नाही, असं काहीतरी बोललो. बोलता बोलता मी त्याच्याकडं बघितलं. तो पुढं वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्या मनात आलं, मंगल कार्य आहे, मुलीचे सासरचे बसलेत, कशाला आत्ता जुनं उकरायचं. नंतर तालमीत स्वतंत्र बोलू. हे कारण मला इतकं योग्य वाटलं की मी ते लगेच स्वीकारलं. "उभयतांना आशीर्वाद," म्हणालो आणि खाली बसलो.

जाताना त्याला भेटायला गेलो. त्यानं मला काही विचारलं नाही. "जेवलास न्हवं?" म्हणाला.

दिवाळीच्या आधी तो गेला. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दहाव्याला नदीवर गेलो होतो. त्यानंतरच्या रविवारी मी तालमीत गेलो. संध्याकाळची वेळ, पंधरा-वीस जण होते, बहुतेक नवी पोरं, सराव करून आलेली. मी त्यांना बसायला सांगितलं. मास्तरची सवय म्हणून बसली. मी सगळं सांगितलं. मॅच, झेंडा, लाईनमन काय म्हणाला, मी काय बघितलं आणि काय दिलं. तो ऑफसाइडला होता, पण त्यानं काही केलं नव्हतं. तो गोल होता. तो कप आपला होता. दोष माझा होता.

पोरं ऐकत राहिली. एकानं अदबीनं विचारलं, "सर, कुठली मॅच ही?"

दुसरा म्हणाला, "कोण ते, खांब व्हय?" आणि त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

कोपऱ्यात माझ्या वयाचा एकजण बसला होता, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त शिव्या देणारा. तो हळूच म्हणाला, "मास्तर, ऱ्हाऊ द्या. आता कशाला? गेला बिचारा." मग पोरांनी विचारलं, सर, चहा घेणार? मी घेतला.

दुसऱ्या दिवशी शिरोलीला गेलो. त्याच्या बायकोला सांगितलं की मी तालमीत सगळं बोललो. ती चुलीपुढं बसली होती. तिनं ऐकून घेतलं. कढईतलं हलवत राहिली.

मग म्हणाली, "लग्नादिवशी त्येंनी मला सकाळीच सांगितलतं. मास्तर आज बोलणार हायत म्हणून. तुमी उठलासा तवा मी वाढायचं टाकून दाराशी येऊन हुभी ऱ्हायले हुते."

तिनं कढईखालचा जाळ कमी केला.

"बोलला न्हाईसा तवा वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. तुमी खाली बसलासा. मी परत भात घिऊन गेले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ऐकायला सोपं गेलं असतं. तिनं कढई उतरवली आणि कामावर जायची वेळ झाली म्हणून पिशवी भरायला लागली. नवरा आजारी पडल्यापासून तीच फाउंड्रीत ओतीव माल घासायच्या कामाला जात होती.

धाकटी मुलगी दाराशी अभ्यास करत बसली होती. पाळण्यात होती ती. आता सातवी-आठवीत असेल. तिनं सगळं ऐकलं होतं. आई बाहेर पडल्यावर ती वही मिटून म्हणाली, "गुरुजी, बाबा खरंच खेळायचे? मी कधी बघितलंच न्हाय."

"खेळायचे," मी म्हणालो.

"कसं?"

मी निघायच्या बेतानं उठलो होतो. परत बसलो. तिला सांगितलं, की तो डाव्या रेषेवरून पळायचा तेव्हा बॉल आणि रेषा यांच्यात चार बोटं जागा राहायची आणि तरी बॉल बाहेर जायचा नाही. समोर बॅक आला की तो जरा थांबायचा, दम लागल्यासारखा, आणि बॅक जरा सैल पडला की निघून गेलेला असायचा. थांबण्यातच त्याची सगळी कला होती. एकदा चिखलात त्याचा बूट रुतून बसला तर तसाच एका पायात बूट घालून कोपऱ्यापर्यंत गेला आणि मोज्याच्या पायानं बॉल आत मारला. गोल झाल्यावर तो नाचायचा नाही, मागं जाऊन बूट शोधायचा.

ती हसली. तिचं हसणं त्याच्यासारखं नव्हतं, आईवर गेली होती. "आणखी सांगा की," म्हणाली.

शिरोलीहून शेवटची बस साडेसहाला होती. मी ती चुकवली आणि मला आठवेल तेवढं तिला सांगत बसलो.